वरच्या मजल्यांच्या स्लॅबला कटर लावू नका: कंट्रोल जॉइंट कुठे द्यायचा आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात खाली पार्किंग आणि वर चार मजले अशी आरसीसी इमारत चालू आहे. लांबी ४८ मीटर, रुंदी १६ मीटर, स्लॅब १२५ मिमीचा, काँक्रीट एम २५. पहिला स्लॅब एप्रिलमध्ये टाकला. महिनाभरात लांबीच्या मध्याजवळ, या काठापासून त्या काठापर्यंत दोन केसासारख्या भेगा दिसल्या आणि जिन्याच्या मोकळ्या जागेच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघाली. ठेकेदाराचं म्हणणं असं की पार्किंगला मारतो तसा दुसऱ्या स्लॅबपासून वर दर चार मीटरवर कटर मारू, म्हणजे मशीनने काप घेऊ. भेग कापातच जाईल आणि फरशी बसली की दिसणारही नाही. असं करावं का, आणि करायचं तर जॉइंट कुठे घ्यावेत?

करू नका. खांब-बीमवर तोललेल्या स्लॅबला कटर लावायचा नाही, मग तो पहिल्या मजल्याचा असो की गच्चीचा. कंट्रोल जॉइंट, म्हणजे भेग ठरलेल्या रेघेवर यावी म्हणून दिलेला काप, ही जमिनीवर टेकलेल्या काँक्रीटची गोष्ट आहे. पार्किंगचा थर मुरमावर सगळीकडे बसलेला असतो. तो एका रेघेवर मुद्दाम कमजोर केला आणि भेग तिथे आली, तरी दोन्ही बाजूंचे तुकडे जागेवरच राहतात. वरचा स्लॅब वाकून भार नेतो. त्याच्या वरच्या अंगाला बीमजवळ ताण असतो, गाळ्याच्या (दोन बीममधल्या भागाच्या) मध्यावर दाब असतो, आणि दोन्ही ठिकाणी वरच्या ३० मिमीला काम नेमून दिलेलं असतं.

तुमच्याच स्लॅबचा हिशेब घ्या. काप उपयोगी पडायचा तर तो जाडीच्या किमान चौथा हिस्सा खोल लागतो, म्हणजे ३१ मिमी. बीमवरून जाणारं वरचं स्टील २० मिमी कव्हरवर आहे, म्हणजे त्याच्यावर २० मिमी काँक्रीट आहे, आणि सळई ८ मिमीची आहे. म्हणजे सळई पृष्ठभागापासून २० ते २८ मिमीच्या पट्ट्यात बसली आहे. तिथून ३१ मिमीचं पातं गेलं की सळई तुटलीच. बीमलगत अशी एक रेघ मारली तर त्या गाळ्याचे सगळे एक्स्ट्रा बार (बीमवरच्या वरच्या सळया) कापले जातात आणि सलग स्लॅब म्हणून डिझाइन केलेला स्लॅब त्या बीमवर नुसता टेकलेला उरतो. मध्यावर जास्तीचा भार येतो, जो कुणी हिशेबात धरलेला नाही.

मग गाळ्याच्या मध्यावर कापू, तिथे वरचं स्टील नसतं, असंही सुचवलं जातं. तिथे वेगळं नुकसान होतं. मध्यावर दाब वरच्या अंगाला असतो. खाली ८ मिमीच्या सळया १५० मिमी अंतरावर, फे ५०० दर्जाचं स्टील आणि एम २५ काँक्रीट धरलं, तर दाब घेणारा पट्टा वरचा जेमतेम १६ मिमी भरतो. मुख्य सळयांना आडवा ३१ मिमीचा काप घेतला की तो अख्खा पट्टाच गेला. उपयोगी खोली (वरच्या अंगापासून खालच्या सळईपर्यंतची) १०१ मिमीवरून ७० मिमीवर येते आणि त्या रेघेवर स्लॅबची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. बीम आणि स्लॅब एकत्र ओतलेले असल्यामुळे बीमच्या मध्यावरचा दाबही स्लॅबच घेत असतो. बीमला आडवा काप गेला की बीमचंही बळ कमी होतं. शिवाय भूकंपात सगळे खांब एकत्र बांधून ठेवण्याचं काम मजल्याचा अखंड स्लॅब करतो. जवळच्या लातूर जिल्ह्यातला ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोलापूरला माहीत आहे. इथे तरी या मुद्द्याकडे दुर्लक्ष नको.

एवढं सगळं गमावून भेग कापात येईलच याचीही खात्री नाही. खालचं स्टील कापाखालून अखंड जातं आणि सांधा उघडू देत नाही. ४५० मिमी खोल बीमला तर ३१ मिमीचा काप म्हणजे ओरखडा. भेग तिला सोयीच्या जागी निघते आणि काप मात्र न्हाणीघराचं पाणी थेट सळईपर्यंत नेणारी नाली होऊन बसतो. पत्र्याच्या डेकशीटवर टाकलेल्या स्लॅबलाही हेच लागू आहे. तिथेही कटर नाही, बीमवरची जाळी वाढवायची.

भेग का येते

काँक्रीट सुकताना आखडतं. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, हिशेबासाठी एकूण आकुंचन ०.०००३ धरायला सांगितलं आहे. ४८ मीटरला हे १४.४ मिमी होतं. स्लॅब मोकळा असता तर दोन्ही टोकांकडून सात-सात मिमी आत सरकला असता आणि एकही भेग आली नसती. पण त्याला खांब, लिफ्टच्या भिंती आणि जिना धरून ठेवतात, आणि काँक्रीट ताणात साधारण ०.०००१ ते ०.०००१५ एवढंच सहन करतं. उरलेलं भेगेतूनच बाहेर पडणार.

यात पहिला स्लॅब सगळ्यांत जास्त अडकलेला असतो, कारण त्याच्या खांबांचे पाय फुटिंगमध्ये (पायात) घट्ट आहेत. दुसरा स्लॅब ज्याला बांधलेला आहे तो पहिला स्लॅब स्वतःही थोडा आखडलेला असतो, त्यामुळे वर जाऊ तसा हा त्रास कमी होतो. तुमच्याकडे पहिल्याच स्लॅबला भेगा आल्या आणि त्याही लांबीच्या मध्यावर, याचा अर्थ हाच. लिफ्ट एका टोकाला आणि जिना दुसऱ्या टोकाला असेल तर स्लॅब दोन्हीकडून खेचून धरला जातो आणि मध्यावर फाटतो. नकाशा अजून हातात असलेल्यांनी लिफ्टचा डक्ट लांबीच्या मध्याकडे घ्यावा. त्याला एक रुपया जास्त लागत नाही. गच्चीचं दुखणं वेगळं. तिथे आकुंचनापेक्षा ऊन जास्त त्रास देतं.

मग वरच्या स्लॅबला जॉइंट कोणते

पहिला एक्सपान्शन जॉइंट. आयएस ४५६ प्रमाणे ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीत सर्वसाधारणपणे एक किंवा अधिक एक्सपान्शन जॉइंट धरून डिझाइन करतात. तो जोडखांबांचा असतो: शेजारी-शेजारी दोन खांब, दोन बीम, मध्ये २५ मिमीची मोकळी फट, आणि ती फट फुटिंगच्या वरपासून गच्चीपर्यंत, भिंत, प्लास्टर, फरशी, कठडा सगळ्यांतून सरळ. फुटिंग एकच चालतं. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची; तिचं काँक्रीट दर अंशाला साधारण ०.०००००९ ने लांबी बदलतं. ४८ मीटर गच्ची आणि २० अंशांचा फरक धरला तर ८.६ मिमी. तुमचा पहिला स्लॅब जॉइंटशिवाय टाकून झाला आहे, आणि मधल्या मजल्यावरून एका खांबावर फट सुरू करता येत नाही. ४८ हा आकडा मर्यादेच्या थोडाच पुढे आहे, त्यामुळे डिझायनरकडून तापमान आणि आकुंचनाचा हिशेब धरून पुढच्या मजल्यांचं लांबीच्या दिशेचं स्टील पुन्हा तपासून घ्या. हे साइटवर ठरवायचं काम नाही.

दुसरा उपाय तुमच्यासाठी सगळ्यांत कामाचा: मागाहून भरायची पट्टी. स्लॅब दोन भागांत टाकायचा आणि लांबीच्या मध्यावरच्या एका गाळ्यात, बीमपासून दूर, साधारण १ मीटर रुंदीची पट्टी पूर्ण १६ मीटर रुंदीभर रिकामी ठेवायची. लांबीच्या दिशेचे बीमही त्या पट्टीत रिकामेच राहतील. दोन्हीकडच्या सळया पट्टीत येऊ द्या, पण त्या नुसत्या एकमेकांशेजारी लॅप करा, म्हणजे टोकं एकमेकांपुढे जाऊ द्या, बांधू नका, म्हणजे दोन्ही भाग आपापल्या परीने आखडतील. लॅप पुरा बसायला हवा. पट्टी अरुंद केली तर तो बसत नाही. निदान चार ते सहा आठवड्यांनी, शक्य तितक्या उशिरा, पट्टी भरायची. यात एक धोका आहे आणि तो जीवघेणा आहे. पट्टी भरून तिला ताकद येईपर्यंत त्या गाळ्याचे दोन्ही अर्धे भाग हवेत लोंबकळत असतात. त्यांच्याखालचे प्रॉप एकही काढायचे नाहीत, आणि वरचा स्लॅब टाकताना तो भारही या प्रॉपवर येणार हे धरून ते तळापर्यंत एकाखाली एक उभे ठेवायचे. सेंटरिंगवाला माल पुढच्या मजल्याला न्यायची घाई करेल. म्हणून त्या गाळ्याचं सेंटरिंग ठरावातच वेगळं लिहून घ्या.

तिसरा कन्स्ट्रक्शन जॉइंट, म्हणजे आजचं काम जिथे थांबतं ती जागा. १६ बाय ४८ चा नुसता स्लॅबच ९६ घनमीटर होतो, बीम वेगळे. सहा घनमीटरच्या गाडीने सोळा खेपा फक्त स्लॅबच्या. एका दमात होणार नसेल तर थांबायची जागा आदल्या दिवशी ठरवा. सोलापुरात स्लॅब सर्रास बीमच्या अंगावर किंवा खांबाच्या तोंडाशी थांबवतात, आणि काँक्रीट उतरतं सोडून देतात. ती जागा कातरबळाची, म्हणजे स्लॅब उभा कापू पाहणारा जोर तिथेच जास्त. जॉइंट गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात घ्या: चार मीटरच्या गाळ्यात एका बीमपासून १.३५ ते २.६५ मीटरच्या दरम्यान. तिथे सळयांसाठी खाचा पाडलेली फळी उभी करा, तोंड सरळ आणि उभं हवं, सळई अखंड जाऊ द्या. फळीजवळ व्हायब्रेटर नीट चालवा. दुसऱ्या दिवशी फळी काढली की तारेच्या ब्रशने वरची दुधी मलई घासून खडी उघडी करा, धूळ धुऊन टाका, पृष्ठभाग आत ओला पण वर पाणी न साचलेला असताना नवं काँक्रीट लावा. महिनाभराने जोडायचं असेल तर छिन्नीने टोचे मारावे लागतील. उतरत्या तोंडावर पातळ कड येते. ती सुटते आणि पुढे छताला रेघ दिसते ती हीच.

आणि चौथी गोष्ट जॉइंट नाही, पण भेग आटोक्यात ठेवणारी खरी तीच: स्टील. आयएस ४५६ चं किमान ०.१२ टक्के १२५ मिमी स्लॅबला मीटरमागे १५० चौरस मिमी होतं, म्हणजे ८ मिमीची सळई ३०० वर टाकली तरी नियम पाळला जातो. पण हे किमान मोकळ्या स्लॅबला पुरतं. दोन्ही टोकांनी अडकलेल्या लांब स्लॅबला पुरत नाही. लांबीच्या दिशेने खाली ८ मिमी २०० वर आणि वर ८ मिमी २५० वर अखंड टाकलं तर मीटरमागे सुमारे ४५० चौरस मिमी भरतात, म्हणजे ०.३६ टक्के. असा स्लॅब आखडणं थांबवत नाही, पण एका मोठ्या भेगेऐवजी बऱ्याच बारीक भेगा पडतात, ज्या डोळ्याला दिसत नाहीत आणि पाणीही पिऊ शकत नाहीत. मधल्या दोन-तीन गाळ्यांत, गच्चीवर आणि लिफ्टच्या भिंतीलगत हे स्टील द्याच.

जिना आणि डक्टच्या प्रत्येक आतल्या कोपऱ्यात ४५ अंशांत १० किंवा १२ मिमीचे दोन बार, १.२ ते १.५ मीटर लांब, वरही आणि खालीही, कोपऱ्याला जितके जवळ तितके चांगले. तुमची तिरकी भेग यांच्या अभावी आली आहे.

वरचं स्टील वर राहतं का, हे स्लॅबच्या दिवशी वाकून बघा. पंपाच्या पाइपवर चार माणसं उभी राहतात, वरची सळई उचलून धरणाऱ्या चेअर आडव्या होतात, आणि २० मिमी कव्हरचं स्टील ७० मिमी खाली जाऊन बसतं. मग नकाशातल्या टक्क्यांना अर्थ नाही. चेअर मीटरभराच्या अंतरावर आणि चालायला फळ्या. विजेचे पाइप वरच्या आणि खालच्या स्टीलच्या मध्ये, एकमेकांत पाइपच्या जाडीच्या तिप्पट अंतर ठेवून न्यायचे. डीबीजवळ (विजेच्या वाटप पेटीजवळ) २५ मिमीचे सहा पाइप चिकटून गेले की तिथे स्लॅब दोन फोडी होतो आणि वर पाइपांच्या सरळ रेषेत भेग उमटते.

सोलापूरचं ऊन आणि पाणी

एप्रिल-मे मध्ये दुपारची कोरडी हवा आणि वारा स्लॅबच्या पृष्ठभागावरून पाणी उडवतात. तासाला चौरस मीटरमागे एक किलोच्या आसपास पाणी उडायला लागलं की काँक्रीट घट्ट होण्याआधीच फाटतं. या भेगा हात-दोन हात लांब, साधारण समांतर, काठापर्यंत न पोहोचणाऱ्या असतात. यांच्यावर कोणताही जॉइंट चालत नाही. काँक्रीटचं तापमान ४० अंशांपलीकडे जाता कामा नये. खडीच्या ढिगावर आदल्या रात्री पाणी मारा, पत्र्याचं सेंटरिंग ओतण्यापूर्वी भिजवून गार करा, आणि काम संध्याकाळी सुरू करा किंवा पहाटे. लेव्हल झालेल्या भागावर लगेच प्लॅस्टिक पसरा, संपूर्ण स्लॅब होण्याची वाट बघू नका. तरी भेग दिसली तर काँक्रीट हिरवं, म्हणजे अजून घट्ट न झालेलं असतानाच पुन्हा दाबून थापी मारा. गाडीत किंवा स्लॅबवर पाणी वाढवू नका. तेच पाणी पुढे आकुंचन वाढवतं.

पाणी मारण्याबद्दल आयएस ४५६ म्हणतं, साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या-उष्ण हवेत १० दिवस, आणि पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं सिमेंट) किंवा फ्लाय अॅश असेल तर १० आणि शक्यतो १४ दिवस. सोलापुरात उन्हाळ्यात १४ धरा. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा त्याच्या भरवशावर क्युरिंग होत नाही. ७६८ चौरस मीटरवर २५ मिमीचे वाफे भरायलाच १९,२०० लिटर लागतात, आणि दिवसाला ८-१० मिमी उडालं तर रोज ६ ते ८ हजार लिटर. हा टँकरचा खर्च एस्टिमेटमध्ये लिहिलेला नसला की क्युरिंग तिसऱ्या दिवशी आटोपतं. भिजवलेलं गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिक दाबून ठेवलं तर पाणी बरंच कमी लागतं आणि स्लॅब ओला-कोरडा-ओला असा होत नाही. बोअरचं पाणी असेल तर तपासून घ्या: आरसीसीला क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं.

टाकून झालेल्या स्लॅबच्या भेगा

आधी भेग वाचा. टोकांवर पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा, मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर पट्टी लावा. वरून पाण्याचं आळं करून खाली थेंब येतो का ते पाहा. आला तर भेग आरपार आहे. रुंदी भेगमापाच्या पट्टीने मोजा: साधारण जागी ०.३ मिमी आणि जिथे सतत ओल असते तिथे ०.२ मिमी ही आयएस ४५६ ची मर्यादा. बीमच्या कडेने वरच्या अंगाला भेग असेल तर प्रॉप लवकर काढले का, वरचं स्टील खाली बसलं का, हे तपासा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप ७ दिवस, त्यापुढे १४, बीम ६ मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढे २१, हे ओपीसीचे आकडे आहेत. पीपीसीला जास्त लागतात.

तुमच्या आडव्या दोन भेगा आकुंचनाच्या दिसतात. त्या अजून वाढतील, म्हणून आज इपॉक्सी भरू नका. वाढ थांबली की, शक्यतो काही महिन्यांनी आणि फरशीच्या आधी, पातळ इपॉक्सी इंजेक्शनने भरा. गच्चीवर मात्र भेग उन्हाने रोज उघड-मीट करते. तिथे इपॉक्सी भरलं तर शेजारी नवी भेग पडते, म्हणून खाच करून पॉलियुरेथेन सीलंट वापरा.

पार्किंगला कटर मारा, पण वेळेवर

तुमच्या ठेकेदाराचा कटर इथे हवाच. पण त्याआधी खालची जमीन. काळ्या मातीवर थेट सोलिंग (दगडांचा थर) करून १२५ मिमी काँक्रीट टाकलं तर पावसाळ्यात माती फुगते आणि कुठलाही जॉइंट ते वाचवत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवा. एक कड वर लागली तर दोष मातीचा, सपाट असेल तर आकुंचनाचा. ६०० ते ९०० मिमी काळी माती काढून मुरूम १५०-२०० मिमीच्या थरांनी पाणी मारून दाबावा.

कापांचं अंतर जाडीच्या २४ ते ३६ पट. १२५ मिमीला ३ ते ४.५ मीटर, सोलापूरच्या हवेत ४ च्या पुढे जाऊ नका. चौकट शक्यतो चौरस, लांब बाजू आखूड बाजूच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. रेघा खांबांच्या लाइनीवर घ्या. प्रत्येक खांबाभोवती शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट सोडा, तिची टोकं कापाच्या रेघांवर येतील अशी, आणि कडेला १०-१२ मिमीचा डांबरी फायबर बोर्ड. खांबाला काँक्रीट चिकटलं की चौकोनी खांबाच्या कोपऱ्यातून भेग निघालीच म्हणून समजा. प्लिंथ बीमलाही तसाच बोर्ड. एक रेघ दुसरीच्या पोटात संपू देऊ नका. जिथे संपते तिथून भेग पुढे शेजारच्या चौकटीत शिरते.

जाळी असेल तर ती वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, वरून ४०-५० मिमीवर, आणि कापाच्या रेघेवर निदान एकाआड एक सळई तोडलेली. सगळं स्टील अखंड गेलं तर काप उघडत नाही आणि भेग दुसरीकडे पडते. दिवसाच्या कामाच्या शेवटच्या तोंडाला, जिथून गाड्या जाणार, २० मिमीचे गुळगुळीत डॉवेल बार (सांध्याच्या दोन्ही बाजूंत घुसणाऱ्या सळया) ४०० मिमी लांब, ३०० मिमी अंतरावर. अर्धी बाजू ग्रीस लावून. ते पातळीत आणि एकमेकांना समांतर नसतील तर सांधा अडकतो.

आता वेळ, कारण सगळ्यांत जास्त चूक इथे होते. काँक्रीट ट्रिमिक्सने (जादा पाणी शोषून घेऊन घोटायच्या पद्धतीने) दुपारी उरकतं आणि कटरवाला दुसऱ्या दिवशी सवडीने येतो. तोवर भेग आत पडून गेलेली असते. मग काप सुंदर सरळ दिसतो आणि शेजारून, वीतभर अंतरावर, भेग नागमोडी चालत असते. पाण्याच्या कटरने फिनिशिंगनंतर ४ ते १२ तासांत कापायचं असतं. मे मध्ये चार-सहा तास, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहा-बारा. घड्याळापेक्षा काँक्रीटला विचारा. कोपऱ्यात हातभर काप घेऊन बघा: कडेची खडी उपटून येत असेल तर अजून तासभर थांबा, कड स्वच्छ राहिली तर लगेच सुरू करा, पात्याच्या पुढे भेग धावायला लागली तर उशीर झाला आहे, तिथे थांबा आणि पुढची चौकट घ्या. आधी मोठा भाग अर्धा करणारी रेघ, मग त्याचे अर्धे, असा क्रम. खोली ३२ मिमी, आणि ती पातळ स्टीलपट्टी घालून दर दोन मीटरवर मोजा, कारण पातं झिजलं की काप नकळत २० मिमीवर येतो. भिंतीलगतचा हातभर तुकडा, जिथे मशीन पोहोचत नाही, तो हँड ग्राइंडरने पुरा करा. भेग तिथूनच सुरू होते. जादा पातं, दिवा आणि दुसरं मशीन हाताशी ठेवा. कापातला राडा ओला असतानाच धुवा.

काप भरायची घाई नको, दोन-तीन महिने जाऊ द्या, तोवर सांधा उघडून होतो. मोटारी चालणाऱ्या पार्किंगला बॅकर रॉड (कापात दाबायची फोमची दोरी) आणि वर पॉलियुरेथेन पुरतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत सुताचे बीम, म्हणजे मागाला लावायचे सूत गुंडाळलेले जड रूळ, लोखंडी चाकांच्या ट्रॉलीने ओढले जातात. अशा शेडमध्ये मऊ सीलंट भरलं तर चाक कडा फोडतं, तिथे अर्धकडक इपॉक्सी पूर्ण खोलीभर भरावं लागतं.

वरच्या मजल्यांवर काप द्यायचाच असेल तर तो स्लॅबवरच्या थराला, स्ट्रक्चरला नाही. ४० मिमीचा आयपीएस (घोटलेल्या काँक्रीटचा फरशीथर) घरात २ मीटरपेक्षा लांब बाजूच्या चौकटींत टाकू नका, उघड्या गच्चीवर १.२ ते १.५ मीटर, मध्ये काचेची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी थराच्या पूर्ण खोलीची. बीमच्या रेघांवर पट्टी घ्या, कारण स्लॅब तिथेच वरून ताणला जातो. व्हिट्रिफाइड फरश्या मध्ये फट न ठेवता एकमेकींना चिकटून लावल्या तर उन्हाळ्यात त्या तंबूसारख्या उचलल्या जातात. २-३ मिमी फट आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली ८-१० मिमी मोकळी जागा ठेवा. पट्टी बसवताना खाली स्लॅबवर मिस्त्रीने कटर टेकवला तर तिथेच थांबवा.